बहिष्कार गेमवर असावा, माणसावर नव्हे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात व्हिडिओ गेमविषयी जे छापून येते ते बहुधा दोनच अंगांनी येते. एक तर मोबाइलच्या नादाने कुणाचा अभ्यास कसा बुडाला याची बातमी असते, नाहीतर रमीच्या वा सट्ट्याच्या ॲपवर कुणी किती रक्कम घालवली याची. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला त्याने पैसे लावून खेळायचे खेळ आणि बाकीचे गेम यांच्यात निदान एक रेघ ओढली, हे बरे झाले. आता तरी नात्यातल्या प्रत्येक लग्नात 'मी रमी खेळत नाही' असे मला समजावून सांगावे लागणार नाही, अशी आशा आहे. मला मात्र या दोन्हींपेक्षा वेगळ्या गोष्टीविषयी लिहायचे आहे. एखाद्या आवडत्या गेमचा पुढचा भाग जाहीर झाला की त्यावर बहिष्काराची हाक उठते, आणि बघता बघता ती हाक गेमवरून सरकून माणसांवर येते. हे दूरच्या देशांत घडते असे मला पूर्वी वाटे. आता ते आपल्या नागपुरातही घडू लागले आहे, म्हणून हे पत्र.

मी खामल्यात राहते, नोकरी करते आणि रात्री जेवणे आटोपल्यावर खेळते. सीताबर्डीवरच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्या पिढीतली मी आहे, त्यामुळे या छंदाकडे मी बाहेरून पाहत नाही.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांना गेमच्या पुढच्या भागावरून एवढा संताप का व्हावा, हे कोडेच वाटेल. त्याचे उत्तर अर्धे पैशात आहे आणि अर्धे वेळेत. आजचा मोठा गेम तयार व्हायला कित्येक वर्षे लागतात. 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागाला सुमारे २२ कोटी डॉलर खर्च आला आणि कामाच्या ऐन भरात त्यावर दोनशेच्या आसपास माणसे पूर्णवेळ काम करत होती, हे २०२३ मध्ये अमेरिकेतील एका खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आले. (हे आकडे कागदावर काळ्या शाईने झाकले होते, पण शाई पुरेशी गडद नव्हती.) इतका पैसा अनोळखी कथेवर लावायला कंपन्या धजत नाहीत आणि लोकांच्या तोंडी रुळलेल्या नावाचाच पुढचा भाग काढतात. खेळणाऱ्याचा हिशेब वेगळा असतो. चित्रपट अडीच तासांत संपतो. गेममधल्या पात्राबरोबर आपण तीस, चाळीस, कधी शंभर तास घालवलेले असतात, आणि त्याचे बरेवाईट आपल्या हातून झालेले असते. 'मास इफेक्ट'च्या २००७, २०१० आणि २०१२ सालच्या तीन भागांत तर पहिल्या भागात घेतलेला निर्णय तिसऱ्या भागापर्यंत सोबत येत असे; कुणाला वाचवले, कुणाला मरू दिले, याची नोंद तुमच्याच फाइलमध्ये असे. अशा खेळाचा पुढचा भाग मनाविरुद्ध निघाला की खेळणाऱ्याला तो आपल्याशी झालेला वचनभंग वाटतो. त्यात इथे सोनीच्या प्लेस्टेशन या खेळयंत्राचा एक नवा गेम जवळपास पाच हजार रुपयांना पडतो. एवढे पैसे मोजणाऱ्याने नाराज होऊच नये, असे कोण म्हणेल?

पुढच्या भागावरून झालेला एक जुना बहिष्कार मला मुद्दाम आठवतो, कारण त्यात चुकीचे असे फारसे काही नव्हते. व्हॉल्व्ह कंपनीचा 'लेफ्ट फोर डेड' हा गेम नोव्हेंबर २००८ मध्ये आला. चौघांनी मिळून मृतवत माणसांच्या झुंडीतून वाट काढायची, एवढाच तो खेळ, पण चौघांपैकी एक जण जरी पुढे पळाला तरी सगळे मरतात, असा त्याचा डाव होता. लोकांना तो फार आवडला आणि कंपनी त्यात भर घालत राहील, असा त्यांचा समज होता. पण पुरते वर्षही झाले नसताना, जून २००९ मध्ये, कंपनीने दुसरा भाग जाहीर केला आणि तो त्याच नोव्हेंबरात येणार असे सांगितले. खेळणाऱ्यांनी स्टीमवर, म्हणजे याच कंपनीच्या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानावर, बहिष्काराचा गट काढला, त्यात ३७ हजारांहून अधिक जण सामील झाले. त्यांची तक्रार स्पष्ट होती: पहिला भाग वाऱ्यावर सोडू नका, आणि जे त्यातच घालता आले असते त्याचे पुन्हा पूर्ण पैसे घेऊ नका. कंपनीने त्या गटाच्या दोघा प्रवर्तकांना आपल्या खर्चाने अमेरिकेतल्या बेलव्ह्यू येथील कार्यालयात बोलावले, नवा गेम खेळायला दिला, त्यांचे म्हणणे ऐकले. ऑक्टोबरमध्ये प्रवर्तकांनीच गट बंद केला. पुढे दुसरा भाग पहिल्यापेक्षाही लोकप्रिय झाला, पण २०१२ पर्यंत पहिल्या भागातल्या सगळ्या मोहिमा दुसऱ्या भागात आणल्या गेल्या, म्हणजे त्या तक्रारीत तथ्य नव्हते असेही म्हणता येत नाही. दोन्ही बाजूंनी माणसे माणसांशी बोलली, आणि प्रकरण मिटले.

त्याच वर्षी 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २' या गेमवरही बहिष्कार पुकारला गेला, कारण त्यातून खेळणाऱ्यांना स्वतःचे सर्व्हर, म्हणजे सगळ्यांना जोडून एकत्र खेळवणारे संगणक, चालवण्याची सोय काढून टाकली होती. गेम बाजारात आला त्या दिवशी बहिष्काराच्या गटातल्या सदस्यांची यादी पाहिली तर त्यातले कितीतरी जण तोच गेम खेळत बसलेले दिसत होते. ते चित्र इतक्या वर्षांनीही फिरते आणि मला आजही त्याचे हसू येते. पण हसून सोडून देण्यासारख्या या जुन्या प्रसंगाची आज मला आठवण येते ती हेव्याने.

बहिष्कार हे हत्यार नागपूरकरांना नवे नाही. डिसेंबर १९२० मध्ये याच शहरात भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाने असहकाराच्या कार्यक्रमावर शिक्कामोर्तब केले आणि सरकारी पदव्या, शाळा, न्यायालये व विदेशी कापड यांच्यावरच्या बहिष्काराला देशभर बळ मिळाले. गेमच्या बाजारात असहकार म्हणजे पैसे न देणे आणि का दिले नाहीत ते मोठ्याने सांगणे. गिऱ्हाइकाचा हा हक्क मी कधीही सोडणार नाही.

आणि तो नीट वापरला तर चालतो. 'मास इफेक्ट ३' मार्च २०१२ मध्ये आला. तीन भागांत घेतलेल्या सगळ्या निर्णयांचा शेवट तीन रंगांच्या, जवळजवळ सारख्याच दृश्यांत गुंडाळला गेला, असे खेळणाऱ्यांचे म्हणणे होते. त्यांनी निषेध कसा केला पाहा. एक तर 'चाइल्ड्स प्ले' या, रुग्णालयांतल्या मुलांसाठी खेळणी व गेम पुरवणाऱ्या संस्थेसाठी वर्गणी काढली आणि ८० हजार डॉलरहून अधिक रक्कम जमवली. दुसरे म्हणजे, गेम बनवणाऱ्या बायोवेअरच्या कार्यालयात लाल, हिरव्या व निळ्या रंगांचे चारशे कपकेक पाठवले. रंग तीन, चव मात्र सगळ्यांची एकच, साधा व्हॅनिला. त्यातली खोच कंपनीला समजली. कपकेक तिने बेघर तरुणांच्या निवाऱ्याला देऊन टाकले आणि जून २०१२ मध्ये शेवटाचा विस्तार करणारा भाग सर्वांना फुकट दिला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे काळी व पिवळी मारबत निघते आणि सोबत बडगे असतात, तसाच हा प्रकार मला वाटतो: वर्षभराचा राग लोक महागाईच्या, भ्रष्टाचाराच्या, क्वचित एखाद्या पुढाऱ्याच्याही पुतळ्यावर काढतात, 'घेऊन जा गे मारबत' म्हणत तो शहराबाहेर नेऊन जाळतात, पण मिरवणूक कुणाच्या घरात शिरत नाही.

'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' या २०१७ च्या गेममध्ये डार्थ व्हेडर हे पात्र मिळवायला चाळीस तास खेळावे लागेल, असा हिशेब खेळणाऱ्यांनी मांडला. वर, आत काय निघेल ते आधी न कळणारे नशिबाचे डबे गेममध्येच पैशांना विकायला ठेवलेले. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीने रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर दिलेल्या खुलाशाला सहा लाखांहून अधिक नापसंतीची मते पडली आणि गेम अधिकृतपणे बाजारात येण्याच्या आदल्या दिवशी कंपनीने आतली विक्री थांबवली. अलीकडचे उदाहरण 'हेलडायव्हर्स २' चे. मे २०२४ मध्ये सोनीने जाहीर केले की संगणकावर खेळणाऱ्यांनाही प्लेस्टेशनचे खाते जोडावेच लागेल. ज्या देशांत असे खाते उघडण्याची सोयच नव्हती तिथल्या लोकांनी पैसे देऊन घेतलेला गेम त्यामुळे निरुपयोगी होणार होता. दोन-तीन दिवसांत स्टीमवर दोन लाखांहून जास्त प्रतिकूल अभिप्राय नोंदले गेले आणि सोनीने निर्णय मागे घेतला. भारतात असे खाते उघडता येते, तरीही माझ्या ओळखीच्या अनेकांनी अभिप्राय बदलून या निषेधात भाग घेतला, मीही घेतला. या तिन्ही वेळी काय हवे ते एका वाक्यात सांगता येत होते, आणि ते देणे कंपनीच्या हातात होते. स्टीमवर गेम खात्यात असल्याशिवाय अभिप्राय लिहिता येत नाही, हेही महत्त्वाचे. बोलणारा माणूस गिऱ्हाईक होता.

आता याच्या उलट बाजूला येते. 'द लास्ट ऑफ अस'चा दुसरा भाग १९ जून २०२० रोजी आला. त्याआधी एप्रिलमध्येच त्यातली दृश्ये फुटली होती आणि पहिल्या भागातल्या लाडक्या पात्राचे काय होते, हे लोकांना कळले होते. गेम पुरा करायला निदान वीस-पंचवीस तास लागतात. पण बाजारात आल्यानंतर काही तासांतच मेटाक्रिटिक या, गेमना गुण देणाऱ्या संकेतस्थळावर शून्य गुणांचे हजारो अभिप्राय पडले. खरेदीचा पुरावा तिथे मागत नाहीत. पुढच्याच महिन्यात मेटाक्रिटिकने नियम बदलला आणि गेम आल्यावर ३६ तासांपर्यंत वाचकांचे गुण घेणे बंद केले. इथवर मी फार तर 'पोरकटपणा' म्हणेन. पण ज्या पात्राच्या हातून कथेतली ती हत्या होते त्या पात्राला आवाज देणारी अभिनेत्री लॉरा बेली हिला ठार मारण्याच्या धमक्या आल्या, आणि त्यातल्या काही तिने स्वतः लोकांपुढे ठेवल्या. कथा तिने लिहिली नव्हती. लिहिली असती तरी काय फरक पडला असता, हा प्रश्न आहेच. नाटकातल्या खलनायकाला प्रेक्षकांनी रस्त्यात शिव्या दिल्याचे किस्से आपण कौतुकाने सांगतो, ते त्याच्या अभिनयाची पावती म्हणून. घरच्या पत्त्याचा उल्लेख करून आलेली धमकी ही कसली पावती?

त्या गेमला त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट गेमचा मान मिळाला आणि दोन वर्षांत त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. धमक्या देणाऱ्यांना कथेतले एक वाक्यही बदलता आले नाही.

कारण किती क्षुल्लक असू शकते याचा कळस २०१३ मध्ये झाला. 'कॉल ऑफ ड्यूटी: ब्लॅक ऑप्स २' मधल्या एका बंदुकीच्या दोन गोळ्यांमधले अंतर ०.२ सेकंदांवरून ०.४ सेकंद केले, म्हणून त्या बदलाची घोषणा करणाऱ्या डिझाइनरला आणि त्याच्या कुटुंबाला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक' या पुढच्या भागाची तारीख अजून का सांगत नाही म्हणून २०२२ मध्ये त्या स्टुडिओतल्या एका महिला निर्मातीला अश्लील छायाचित्रे पाठवली गेली. हे वाचून धक्का बसला असे मी लिहिले तर ते खोटे होईल. ऑनलाइन खेळताना अनोळखी लोकांच्या गटात आपला आवाज बाईचा आहे हे कळले की पुढच्या मिनिटाला काय ऐकायला मिळते, हे माझ्यासारख्या बहुतेक जणींना पाठ आहे. म्हणून मी माइक बंद ठेवते आणि माझे खेळातले नाव पुरुषाचे आहे. राग गेमचा असो वा आणखी कशाचा, बाई समोर आली की तो कुठे वळतो हे कुणाला नव्याने सांगायला नको.

२०२३ मधल्या 'हॉगवॉर्ट्स लेगसी' या गेमचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि त्यावर मी बराच काळ विचार केला आहे. हॅरी पॉटरच्या लेखिका जे. के. रोलिंग यांनी पारलिंगी व्यक्तींविषयी जी मते मांडली ती अनेकांना अन्यायाची वाटली. गेमच्या निर्मितीत त्यांचा थेट सहभाग नव्हता, पण त्यांनी निर्माण केलेल्या विश्वावर तो उभा असल्याने त्याचा आर्थिक लाभ त्यांना होणारच होता, म्हणून तो विकत घेऊ नका, असे आवाहन करण्यात आले. हे आवाहन मला पूर्णपणे रास्त वाटते. ज्यांच्या अस्तित्वावरच वाद घातला जातो त्यांनी निदान आपला पैसा कुठे जावा हे ठरवायचे नाही, तर मग ठरवायचे काय? आमच्या ओळखीत काही जणांनी गेम घेतला नाही आणि का घेतला नाही तेही सांगितले. पण गेम बाजारात येताच रोख बदलला. कोणत्या स्ट्रीमरने, म्हणजे आपला खेळ इंटरनेटवर थेट दाखवणाऱ्याने, तो खेळला याची नोंद ठेवणारे एक संकेतस्थळच उभे राहिले, आणि खेळणाऱ्यांच्या चॅटमध्ये इतकी झोड उठली की काहींना प्रक्षेपण चालू असताना रडू आवरले नाही. त्या गेमच्या पहिल्या दोन आठवड्यांत १ कोटी २० लाख प्रती विकल्या गेल्या. म्हणजे ज्या कंपनीला आणि लेखिकेला झळ पोहोचवायची होती त्यांना ती पोहोचलीच नाही. पोहोचली ती वेबकॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसांना, आणि शिवाय ज्या पारलिंगी लोकांच्या बाजूने हे सारे चालले होते त्यांच्यावर 'हे लोक असेच' असा शिक्का मारायला विरोधकांना आयते निमित्त मिळाले.

कुणी म्हणेल की हा दोष अमुक विचाराच्या लोकांचा आहे. तसे नाही. २०१४ मध्ये गेमरगेट नावाने जे रणकंदन माजले त्याची दिशा बरोबर उलटी होती. तिथे स्त्रीवादी समीक्षक आणि गेम बनवणाऱ्या स्त्रिया लक्ष्य झाल्या. काहींना घर सोडून जावे लागले, आणि समीक्षक अनिता सार्कीसियन यांचे अमेरिकेतील युटा राज्यातल्या विद्यापीठातले व्याख्यान गोळीबाराच्या धमकीमुळे रद्द झाले. झेंडे वेगळे होते, रीत तीच.

झुंडीला नेम धरता येत नाही हे तर आपण भारतीयांनीच जगाला दाखवून दिले आहे. एप्रिल २०१७ मध्ये स्नॅपचॅटच्या प्रमुखाने भारताविषयी काही अनुदार उद्गार काढल्याची बातमी आली आणि संतापलेल्या लोकांनी एक तारा देऊन स्नॅपडील या भारतीय दुकानाचे ॲप झोडपून काढले. नाव सारखे वाटले, एवढाच त्या बिचाऱ्यांचा अपराध.

आता नागपूरचे. इथल्या एका गेमिंग गटात, गटाचे नाव मी लिहीत नाही, एका नव्या भागावर बहिष्काराची चर्चा चालू असताना अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने आपण तो आधीच बुक केला आहे असे लिहिले. त्याला 'विकला गेलेला' ठरवायला पाच मिनिटे पुरली. रात्रीपर्यंत त्याच्या महाविद्यालयाच्या ओळखपत्राचे छायाचित्र आणि आईचा मोबाइल क्रमांक त्या गटात आणि बाहेरही फिरू लागला, आणि मध्यरात्र उलटेपर्यंत त्या माउलीला शिवीगाळीचे फोन येत राहिले. बुकिंग म्हणजे काय हेच तिला ठाऊक नव्हते. मुलाने कर्जाच्या एखाद्या ॲपवरून पैसे उचलले असावेत आणि हे वसुलीवाले असावेत, असे समजून ती रात्रभर मुलाला 'किती घेतलेस ते सांग' म्हणून विचारत बसली. तक्रार द्यायला तो गेला तर त्याला 'गेम डिलीट करून टाक' असा सल्ला मिळाला. लंडन किंवा लॉस एंजेलिसमधल्या माणसाला धमकी येते ती बहुधा हजार मैलांवरून. नागपूर हे एका बाजूने अजूनही ओळखीपाळखीचे गाव आहे. धमकी देणारा आपल्याच शिकवणी वर्गातला, आपल्याच चौकातल्या ठेल्यावर उभा राहणारा असू शकतो, आणि म्हणून इथे ती भीती जास्त खरी असते.

मला जे म्हणायचे आहे ते इथे येऊन थांबते. वस्तू न घेणे वेगळे आणि ती घेणाऱ्या माणसाला वाळीत टाकणे वेगळे. दीक्षाभूमीच्या शहरात या दुसऱ्या गोष्टीचा इतिहास कुणाला शिकवण्याची गरज पडू नये. महाराष्ट्राने तर सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा केला आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. तो जात पंचायतींच्या जाचासाठी आहे, गेमच्या गटांना तो लावा असे मी म्हणत नाही. पण एखाद्याशी बोलायचे नाही, त्याच्यासोबत खेळेल त्याच्याशीही बोलायचे नाही, त्याचे घरदार शोधून काढायचे आणि माफी मागेपर्यंत सोडायचे नाही, ही पद्धत कुठून आली हे ओळखायला फार विचार करावा लागत नाही. फरक इतकाच की पंचायतीतले पंच निदान तोंड दाखवून बसत.

नवा कायदाही मला नको आहे. ऑनलाइन मजकुरावरून अटक करण्याची मोकळीक देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले, आणि त्या खटल्यामागे पालघरमधल्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून झालेली अटक होती, हे आपण महाराष्ट्रात तरी विसरू नये. 'गेम टुकार आहे' असे लिहिणाऱ्याला उद्या कुणी पोलिसांत खेचावे, अशी वाट मला मोकळी करायची नाही. जे आहे तेच पुरेसे आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली धमकी हा गुन्हा आहे, ठार मारण्याची धमकी असेल तर शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते आणि नाव लपवून धमकी दिली तर तिच्यात आणखी भर पडते. स्त्रीचा ऑनलाइन पाठलाग कलम ७८ मध्ये येतो. कमतरता आहे ती तक्रार घेणाऱ्याला हा प्रकार गंभीर वाटण्याची. अमेरिकेत बंजी या गेम बनवणाऱ्या कंपनीच्या, समाजमाध्यमे सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला एकाने रात्री-बेरात्री फोन करून आणि घरी नको ते पिझ्झा पाठवून छळले, तेव्हा कंपनी स्वतः न्यायालयात गेली आणि जुलै २०२३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या न्यायालयाने छळणाऱ्याला जवळपास ४ लाख ८९ हजार डॉलर भरायला लावले.

असे असले तरी कंपन्या काही सोवळ्या नाहीत. अपुरा गेम आधी विकून मग दुरुस्त करणे, समीक्षकांची तोंडे प्रकाशनाच्या दिवसापर्यंत बांधून ठेवणे, आगाऊ पैसे भरणाऱ्याला एखादा जादा पोशाख देऊन घाई करायला लावणे, हे त्यांचे धंदे आहेतच. आणि वरच्या मजल्यावर घेतलेल्या निर्णयाची शिवी खायला त्या तेवीस-चोवीस वर्षांच्या एखाद्या कर्मचाऱ्याला पुढे करतात, त्याचे नाव, त्याचा फोटो, त्याचे हसरे उत्तर. ज्याच्या हातात काही नाही तोच समोर दिसतो, म्हणून त्याच्यावरच चालून जायचे, हे आपल्याला सरकारी कचेरीतल्या खिडकीपासून ठाऊक आहे. तिथेही साहेब कधी सापडत नाही.

शहरातले गेमिंगचे गट चालवणाऱ्या ॲडमिनना माझी विनंती आहे की बहिष्काराच्या चर्चेला मोकळे ठेवावे, अगदी कडवट चर्चेलाही; पण कुणाचा फोन, पत्ता, महाविद्यालय वा घरच्यांचा फोटो टाकणाऱ्याला ताकीद देत न बसता त्याच क्षणी बाहेर काढावे, मग तो आपल्या बाजूचा का असेना. आपल्या बाजूच्या माणसाला काढणे जड जाते, आणि बहुतेक गट तिथेच अडखळतात.

आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. अशा छळाची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर आणि आपल्या शहराच्या सायबर पोलिस ठाण्यात कशी करायची, नुसता स्क्रीनशॉट न ठेवता संदेशाचा दुवा, खात्याचे नाव आणि वेळ जपून का ठेवावी, पहिल्या ठिकाणी तक्रार घेतली नाही तर पुढे कुणाकडे जावे, याची माहिती आपल्या युवा पुरवणीत एकदा सविस्तर छापावी. सोबत एखाद्या पोलिस अधिकाऱ्याला थेट विचारावे की गेमवरून आलेली ठार मारण्याची धमकी त्यांच्या लेखी धमकी आहे की नाही, आणि त्यांचे उत्तर त्यांच्या नावासह प्रसिद्ध करावे.

आपली विश्वासू,
एक वाचक,
खामला, नागपूर